टाळ्यांसकट पाहिजे

शिवाजी पेठेतल्या बसवअण्णांकडे कॅसेट चालू असताना गेलं, की आपण उशिरा आलेले प्रेक्षक ठरत असू. अण्णा ओठांवर बोट ठेवून भिंतीकडेची जागा दाखवत. गाणं संपलं की कॅसेटमधले परदेशी लोक टाळ्या वाजवत, अण्णाही वाजवत आणि मग माझ्याकडे बघत. मीही वाजवायचो. वहिनींनी आणलेला चहा एक बाजू संपेपर्यंत गार होई.

कॅसेट होती अमेरिकेतल्या एका जुन्या गिटारवाल्याच्या कार्यक्रमाची. तो वाजवी त्याला तिकडे ब्लूज म्हणतात. "शेतमजुरांचं रडगाणं हाय, पर ठेक्यात," असं अण्णांनी मला समजावलं होतं. पुढे मी त्यावर एक जाडजूड पुस्तक वाचलं. त्यातही एवढंच निघालं. जन्मभर भिंतीएवढे स्पीकर लावून वाजवत आलेला हा माणूस पन्नाशीनंतर साधी लाकडी गिटार घेऊन खुर्चीवर बसला होता. "वस्ताद हाय," अण्णा म्हणत. "आता ताकद दाखवत न्हाय, नुसता डाव."

अण्णा दिवसा लेथवर काम करत आणि गणपतीत, लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवत. वीस वर्षं. टाळ्या पडत त्या गाणाऱ्याला. एकदा गारगोटीत त्यांचा एक लांबलचक तुकडा रंगला, कडकडाट झाला, अण्णा कमरेत वाकले. सरळ होऊन बघतात तर मंडपात आमदार शिरत होते. हा किस्सा अण्णा हसत सांगत, पण फार वेळा सांगत.

मग गणपतीत डॉल्बी आली आणि ऑर्केस्ट्रा बसला. अण्णांनी ठरवलं, आपलीही अशीच कॅसेट करायची. लाकडी गिटार, माडीवरची खोली, समोर माणसं.

"स्टुडिओत का नाही?" मी विचारलं.

"टाळ्यांसकट पायजे, मास्तर. एकदा तरी त्या माझ्याच हाईत, एवढं कळू दे की."

रविवारी दुपारी गल्लीतले आम्ही बाराजण जमलो. पंखा बंद, कारण तो घरघरतो. खिडक्या बंद, कारण बाहेर पेठ आहे. अण्णांनी सूचना दिल्या: खोकायचं नाही, कुजबुजायचं नाही, मध्ये उठायचं नाही.

तालमीतल्या एका पैलवानानं हात वर केला. "अण्णा, भले म्हटलं तर चालंल का?"

"न्हाय!"

"हळूच म्हटलं तर?"

"गप बस की रं!"

टाळ्यांबद्दल अण्णा काही बोलले नाहीत. त्या सांगून घ्यायच्या नसतात, असं त्यांचं मत होतं.

पहिला तुकडा संपला. अण्णांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही श्वास धरले. दुसऱ्यानंतर ते जरा जास्त वेळ थांबले. आम्हीही जास्त वेळ श्वास धरले. पाचव्यापर्यंत आम्ही घामानं निथळत होतो, पण शिस्त अशी की पुतळ्यांनी धडा घ्यावा. शेवटचा तुकडा संपला, अण्णा गिटारवर मान टाकून बसले, आणि मागे स्वयंपाकघराच्या दारात वहिनींनी टाळ्या वाजवल्या. बारा माना वळल्या. मीच डोळे वटारले. वहिनींनी हात पदराखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी ती कॅसेट मला ऐकवली. प्रत्येक तुकड्यानंतर मोठी, स्वच्छ शांतता. टाळ्यांसकट हवी हे मला ठाऊक होतं, आणि शिस्तीच्या नादात मीच विसरलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माणसं पुन्हा बोलवू," मी म्हटलं. "नुसत्या टाळ्या घेऊ, मागाहून जोडू."

"जोडकाम लेथवरबी चालत न्हाय, मास्तर."

तेवढ्यात शेवटच्या चार टाळ्या वाजल्या, बांगड्यांसकट. अण्णांनी कॅसेट मागे घेतली. पुन्हा ऐकल्या.

"ह्या कुणाच्या?"

"वहिनींच्या."

"मग का थांबली?"

"मी डोळे वटारले."

मला वाटलं, आता भडकतील. त्यांनी टेपरेकॉर्डर बंद केला. "वीस वर्षांत तिला एकदाबी कार्यक्रमाला न्हेलं न्हाय," ते म्हणाले. "मागं कोपऱ्यात उभा असायचो. काय दाखवायचं?"

मग त्यांनी आत हाक मारली, "सुमन, हिकडं ये."

"कणीक मळतोय न्हवं मी!"

"तशीच ये."

वहिनी आल्या आणि पिठाचे हात मांडीवर उताणे ठेवून बसल्या. अण्णांनी गिटार घेतली. मी तत्परतेनं रेकॉर्डचं बटण दाबायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमी आता निघा."

मी निम्मा जिना उतरेपर्यंत वर वाजायला लागलं होतं.