तीन मशीनी आणि मायचं कोरं कापड

अख्ख्या रायपुरात जुन्या शिलाई मशीनीतलं आपल्याइतकं कोणाला कळत नाही, असं हरिदास छाती ठोकून सांगायचा. रेल्वेतून रिटायर झाल्यावर समता कॉलोनीतल्या दोन खोल्यांत त्यानं तीन मशीनी कोंबल्या. काळी जर्मन, हिरवी जपानी आणि मायची हातमशीन. त्याच हातमशीनीवर साऱ्या मोहल्ल्याचे ब्लाउज शिवून मायनं, सत्यभामाबाईनं, या पोट्ट्याला शिकवलं. त्यानं त्या मशीनीला मार्क किती द्यावेत? दहापैकी तीन! म्हणे, कुकरसारखी शिट्ट्या मारते!

माय आतल्या खाटेवर होती. डॉक्टरनं हात टेकले होते. डोळे गेले होते, बोटं मात्र शाबूत.

"उद्या लोकं बसाले येतील," बायको सरला म्हणाली, "ते काय मशीनीवर बसतील? एक ठेवा, बाकीच्या कबाड्याले द्या!"

माणूस जायच्या आधी बसायची जागा मोजायची! पण हरिदासला तेही खटकलं नाही. "हव! आज परीक्षाच घेतो!"

परीक्षा म्हणजे तिघींना एकच कापड पाहिजे. मायच्या पेटीत पांढरंशुभ्र कापड सापडलं. कैची चालवली, तीन तुकडे केले, प्रत्येकीवर एकेक शिवण मारली. "जर्मन नऊ! जपानी सात! मायची तीनच!"

सरला चहा घेऊन आली आणि कपासकट थिजली.

"अहो, हे काय कापून राहिले?"

"टेस्ट!"

"टेस्ट कायची! तुमच्या मायचं शेवटचं कापड हाय ते, कफनाचं! शिलाईच्या कमाईतून सदर बाजारातून आणलं होतं त्यायनं. बारा वर्षं जपलं. कोरं पाहिजे, सुईसुद्धा लागू नये म्हणतात!"

"दुसरं आणतो ना!"

"रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन चाचपतात. बोटानं ओळखतील. आता मागतीलच!"

हरिदासनं तिन्ही तुकडे जर्मनवर धडाधड जोडले, इस्त्री फिरवली, घडी मायच्या हातात दिली. मायचं बोट शिवणीवर येऊन थांबलं.

"सुई कोणी लावली?"

"मी, माय."

"काहून?"

"मशीनीची परीक्षा घेत होतो."

"कोणत्या मशीनीवर?"

"जर्मन. नऊ मार्क हायेत तिले."

मायनं दोन बोटांनी ओढलं. टर्र! शिवण उसवली.

"लागलीच हाय सुई, तर धड तरी लागू दे. माह्या मशीनीवर शिव. इथंच. मले आवाज आला पाहिजे."

हरिदासनं हातमशीन खाटेजवळ ओढली. एका हातानं दांडा फिरवी, दुसऱ्यानं नाक पुसी. मशीन शिट्ट्या मारत राहिली. माय डोळे मिटून सांगत राहिली, "हळू. धागा ताणू नको. कोपऱ्यावर थांब, गधड्या!"

झाल्यावर तिनं पुन्हा ओढून पाहिलं. सुटलं नाही.

"किती, माय?"

"मशीनीले दहा." तिनं दम घेतला. "तुले दोन."

त्यानंतर ती बोललीच नाही. अंधार पडायच्या आत गेली. शिवलेल्याच कापडात नेली.

जर्मन आणि जपानी कबाड्यानं नेल्या, त्यामुळं बसायला ऐसपैस जागा झाली. येणारा प्रत्येक जण विचारी, "जाताना काही बोलल्या का?"

हरिदास मान खाली घालून म्हणे, "देवाचं नाव घेतलं."

आतून सरला ओरडली, "खोटं काहून बोलून राहिले? दोन मार्क दिले ना तुमाले!"