कुसुमआत्याचं उलटं सॉकेट

आमच्या कुसुमआत्याच्या ओट्यावर दोन बरण्या असतात. एकीत लिंबाचं लोणचं. दुसरीवर लाल अक्षरांत चिठ्ठी: ‘हे लोणचं नाही’. दुसरीत तांबं खाणारं तपकिरी औषध आहे. टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यापासून आत्या घरीच सर्किट बोर्ड बनवते. तांबं चढवलेल्या पाटीवर कागदावरच्या नकाशावरून पक्क्या शाईच्या रेघा उमटवायच्या, पाटी औषधात बुडवायची. रेघांखालचं तांबं तेवढं उरतं. सगळा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, तिला ‘इंजिनीअर दीदी’ म्हणतो, आणि ती माझी सख्खी आत्या आहे हे मी न विचारता सांगतो.

चिप ती कधीच थेट सोल्डर करत नाही. आधी सॉकेट, म्हणजे चिपची बैठक. चिप नंतर नुसती दाबून बसवायची. तिचा मंत्र एकच, “आधी दोन कोपरे.” तिरपे समोरचे दोन पाय पक्के केले, सॉकेट सपाट बसलं, की मग बाकीचे. हाच मंत्र ती चादरीला लावते. माझ्या लग्नालाही लावला होता. दोन्हीकडचे आईबाप पक्के झाले की पाहुणे आपोआप बसतात म्हणे.

मागच्या वर्षी मामाजींना, आत्याच्या यजमानांना, लकवा झाला. वाचा गेली, उजवा हात गेला. मी गोल बाजारातून पितळी घंटी आणून उशाशी ठेवली. ते हातच लावेनात. ओठ सुकून जायचे, पण घंटी वाजवून बायकोला बोलवायचं त्या माणसाच्या जिवावर यायचं. जन्मभर नावानं हाक मारलेली. आत्या रडकुंडीला आली. मग एके दिवशी डोळे पुसून म्हणाली, “हाकच पायजे न? देते करून.”

हाक मारणारा बोर्ड करायला घेतला, पण घाईत घोळ झाला. नकाशाचा कागद उलटा ठेवला गेला आणि सगळा बोर्ड आरशातल्यासारखा उमटला. आम्ही म्हटलं, गेला भंगारात. आत्यानं चष्मा सावरला. “हव, उलटा झाला. मंग आपणबी उलटं बसू.” वरून बसवायचं सॉकेट तिनं खालून, तांब्याच्या अंगानं बसवलं, जरा उचलून धरून एकेक पाय सोल्डर केला, आणि भरलेला आवाज बटण दाबताच बोलून दाखवणारी चिप त्यात दाबली. बरोबर बसली! अशी बाई साऱ्या रायपुरात दाखवा मला.

आता आवाज कोणाचा भरायचा? मामाजींना तर वाचा नाही. आत्यानं घसा खाकरला आणि त्यांच्याच घोगऱ्या थाटात भरलं, “कुसुम, ऐकून राहिली का?” हसून हसून आमची पुरेवाट झाली. बटण मामाजींच्या डाव्या हाताखाली बसवलं. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून पाणी मागून प्यायलं.

परवा मी बसलो होतो तर आतून हाक आली. आत्या पिठाच्या हातांनी धावली, मागोमाग मी. पाणी? मामाजींनी मान हलवली. उशी? नाही. पंखा? नाही.

“मंग काहून बोलावलं?”

मामाजी अर्ध्या ओठांनी हसले आणि तिच्याकडे बघत राहिले. आत्यानं पदराला हात पुसले आणि पलंगाच्या कडेला टेकली.

“गॅस बंद कर रे,” ती मला म्हणाली. “मले बोलावून राहिले हे.”