तीन पानं आणि एक तळं

एका जंगलात, मुलांनो, पाणी आटलं होतं. सिंहमहाराजांनी नवं तळं खोदायचं ठरवलं आणि काम लगबगे कोल्ह्याकडे सोपवलं.

आजवर तिथे कामं एकामागून एक होत. डुकरं खणत. मग साळिंदर तळाला चिकणमाती लिंपे. मग माकडं काठाला दगड लावत. शेवटी हत्ती नदीचा बांध फोडून पाणी आत सोडे.

लगबगे म्हणाला, "हा मागासपणा आहे. खणणं, लिंपणं, दगड लावणं, तिन्ही कामं एकदम सुरू करा, म्हणजे एका कामाच्या वेळात तिन्ही होतील."

महाराजांना हिशेब पटला. हिशेब समजला नाही की तो त्यांना लगेच पटतो.

नियम ठरला. काम झालं की वडाखाली बसलेल्या कासवाला हिरवं पान द्यायचं. काम अडलं तर वाळकं. तिन्ही पानं हिरवी आली की कासवाने हत्तीला सांगायचं, मग हत्ती बांध फोडणार.

तळ लिंपायचं काम साळूबाई साळिंदरीचं होतं. ती लिंपत गेली आणि लिंपण तडकत गेलं. तिने माती बदलली, पाणी कमी केलं, गवत मिसळून पाहिलं. काही उपयोग होईना. चौथ्या दिवशी दुपारी डुकरं जेवायला गेली, तेव्हा लिंपलेला तुकडा मात्र टिकला. डुकरं परत आली, शेजारी सुळे लावू लागली आणि तो तुकडाही फुटला.

साळूबाई लगबग्याकडे गेली.

"साहेब, डुकरांचं काम चोख आहे. माझंही आहे. पण ही दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. त्यांचं होऊ द्या, मग मी लिंपते."

"म्हणजे माझी पद्धत चुकली?"

"पद्धतीचं मला कळत नाही. तळ फुटतोय, एवढं कळतं. खाली सशांची बिळं आहेत."

"डुकरांचं पान हिरवं येणार. माकडांचं हिरवं येणार. तुझंच तेवढं वाळकं. मग दोष कुणाचा, बाई?"

साळूबाईने कासवाला वाळकं पान दिलं. पुढे डुकरांचं आणि माकडांचं हिरवं पान आलं. कासव विचारायला आलं, "तिघांतलं एक वाळकं आहे. काय करू?"

"तुला पानं मोजायला बसवलंय," लगबगे म्हणाला, "रंग बघायला नाही. किती झाली?"

"तीन."

"किती हवी होती?"

"तीन."

"मग?"

हत्तीने बांध फोडला. महाराजांनी आयाळ विंचरून भाषण केलं. भाषण संपेपर्यंत पाणी तळातून झिरपून सशांच्या बिळांत शिरलं होतं.

साळूबाई धावत गेली आणि नखांनी बिळांवरची माती उकरू लागली. तिने सशिणीची पाच पिल्लं बाहेर काढली. पिल्लं सात होती. सशीण रडली नाही. ती नुसती तिथेच बसून राहिली, आणि साळूबाईही तिच्याजवळ बसली.

चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष लगबगे. समितीने सगळी पानं तपासली आणि निष्कर्ष काढला: साळूबाईचं वाळकं पान येईपर्यंत कामात कुठलाही दोष आढळलेला नव्हता.

साळूबाईला जंगलाबाहेर काढण्यात आलं. जाताना तिने सशिणीला आणि पाच पिल्लांना सोबत नेलं. नदीपलीकडे तिने आधी एक खड्डा खणला, मग लिंपला, मग त्यात पाणी आणलं. पाणी टिकलं. कोणी भाषण केलं नाही.

इकडे दुसरं तळं सुरू झालं, या वेळी पाच कामं एकदम. वाळक्या पानांवर बंदी होती, त्यामुळे एकही अडचण नोंदली गेली नाही. प्राणी तहानलेले होते, पण कामाच्या प्रगतीवर समाधानी होते. निदान पानं तरी तसंच सांगत होती.

तात्पर्य: काम कुठे बिघडलं हे शोधण्यात वेळ घालवू नये. बिघडलंय असं कोण म्हणालं ते शोधावं. तो लवकर सापडतो, कारण तो स्वतःच सांगायला आलेला असतो.