मास्तरच्या जबड्याची फिल्म

तुमचा विश्वास बसणार नाही, पण जबड्याच्या ऑपरेशनची अख्खी फिल्म, फोटो आणि आवाजासकट, एकहाती काढणारा माझ्या वयाचा माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही. तो माणूस म्हणजे मी!

जबडा मात्र माझा नव्हता. माझा मित्र मास्तर, धंदा शिवणकामाचा. त्याचा खालचा जबडा अर्धवट उघड्या राहिलेल्या ड्रॉवरसारखा पुढे आलेला. वरच्या-खालच्या दातांची जन्मात गाठ पडली नव्हती. शिंपी असून दातांनी दोरा तोडता येईना! दर बटणाला कात्री शोधायची, आणि कात्री नेमकी कापडाच्या ढिगाखाली.

शेवटी त्याने मनावर घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जबडा कापून मागे सरकवू, मग काही आठवडे तोंड रबरांनी बांधून ठेवू. मास्तर तयार झाला, पण वहिनींनी धसका घेतला. जबडा सरकला की आवाजही सरकणार, अशी त्यांची पक्की समजूत.

"भावजी, चेहरा कसाही होऊ दे," त्या म्हणाल्या. "मला यांचा आवाज हवा."

मी शब्द दिला. आधीचा आवाज टिपतो, नंतरचा पहिला शब्दही टिपतो, दोन्ही शेजारी लावून ऐका. मास्तरनेही कबूल केलं की तोंड उघडलं की पहिली हाक बायकोलाच.

मी कामाला लागलो. मास्तर समोरून, मास्तर बाजूने, मास्तर दोरा चावतोय आणि दोरा मजेत निसटतोय. ऑपरेशनच्या खोलीत मोबाइल नेऊ देत नाहीत म्हणे. मला तर डॉक्टरीणबाईंनी हाताला धरून आत नेलं! ऐन वेळी दिवे गेले. मी मोबाइलचा उजेड त्यांना दिला, म्हणून आमच्या वाट्याला काळोख आला. चित्र सगळं काळं. पण आवाज? हाडातून फिरणारी करवत अशी स्पष्ट टिपली गेली की ऐकणाऱ्याने आपली हनुवटी चाचपावी.

मग मास्तरच्या दुकानातल्या टीव्हीवर रोज फिल्म सुरू झाली. कपडे घ्यायला आलेलं गिऱ्हाईक कपडे विसरून बसायचं. मी दाखवायचो, समजावून सांगायचो. डॉक्टरीणबाईंचा हात अडला तेव्हा कुठे कापायचं ती रेघ मी शिंप्याच्या खडूने आखून दिली, हेही सांगायचो. मास्तर तोंड बांधून मशीनमागे बसलेला, नळीने पेज ओढत. माझ्या प्रत्येक वाक्याला तो कात्री कचाकच वाजवायचा. बोलता येत नसताना मित्राचं असं कौतुक करणारा माणूस विरळा.

रबरं घरीच काढायची परवानगी मिळाली, त्या दिवशी दुकान भरलं. इस्त्रीवाला, शेजारचा चांभार, लग्नाचे ब्लाउज शिवायला टाकलेल्या दोन विहिणी. वहिनी सर्वांत पुढे, पदर मुठीत आवळून. मी मोबाइल रोखला. पण हाक येण्याआधी थोडी वातावरणनिर्मिती नको? म्हणून टीव्हीवर तो काळा भाग लावला.

"ऐका," मी म्हणालो, "ही करवत. आता सूर चढला ना? तिथे हाड चिवट लागलं."

कात्री इतकी वाजली की चांभार मागे सरकला. मास्तरने माझी खूण येण्याची वाटही पाहिली नाही. आरशात बघून त्याने एकेक रबर काढलं, जबडा हळूच उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"खोटं," तो म्हणाला.

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. "तोच आहे हो," त्या म्हणाल्या. "आवाज अगदी तोच आहे."

माझेही डोळे भरून आले. रेकॉर्डिंग चालूच होतं. मास्तरने बटणाचा दोरा उचलून जपून दातांत धरला. कट्. तुटलेलं टोक त्याने सगळ्यांना दाखवलं आणि मग सावकाश म्हणाला,

"कसली करवत? मला आत नेलं तेव्हा हा बाहेरच्या बाकावर घोरत होता. बाहेर आणलं तेव्हाही घोरतच होता. हाच सूर!"