वाढत्या अंगाची मेमरी

मला फसवेल असा दुकानदार अजून जन्माला यायचाय! चपला असोत, स्वेटर असो, नाहीतर शाळेचा गणवेश, माझा नियम एकच: घ्यायचं ते वाढत्या अंगाचं. आमच्या लेकीनं, मनवानं, सगळी शाळा बाह्या दुमडून काढली. कधी तक्रार केली? म्हणजे केली, पण मी ऐकली नाही.

तर या मनवाला कॉम्प्युटर हवा होता. पुण्याच्या एका ॲनिमेशन स्टुडिओनं नोकरीची परीक्षा म्हणून छोटी फिल्म मागवली होती. शनिवारी संध्याकाळी पाचला फिल्म पाठवायची लिंक बंद! जुन्या कॉम्प्युटरनं नेमका आधीच्या आठवड्यात राम म्हटला. मी तिला घेऊन राहुरीहून थेट नगर गाठलं.

दुकानदार म्हणाला, "काका, या प्रोसेसरला छप्पन्नशे स्पीडची मेमरी घ्या. तेवढी तो हमखास पेलतो."

"त्याच्या वरची नाही?"

"चौसष्टशेची आहे. पण चालली तर चालली, खात्री नाही."

"बाबा, छप्पन्नशेच घेऊ," मनवा कळवळून म्हणाली.

"अगं, उद्या प्रोसेसर मोठा झाला म्हणजे?"

"काका, प्रोसेसर वाढत नसतो हो!"

असं सगळेच दुकानदार म्हणतात. मी चौसष्टशेच घेतली! घरी येऊन स्पीड पुरता चढवला, कॉम्प्युटर सुरू झाला आणि मी गल्लीत पेढे वाटले.

शनिवारी दुपारी मनवानं कॉम्प्युटरला सगळी चित्रं जोडून फिल्म तयार करायला लावली. अर्ध्यावर स्क्रीन निळी पडली आणि सगळं बंद! पुन्हा पहिल्यापासून.

"बाबा, मेमरीचा स्पीड उतरवते."

"खबरदार! पैसे मोजून आणलेला स्पीड आहे. हा उकाड्याचा त्रास आहे."

मी टेबलफॅन लावला. पुन्हा निळी! मग फ्रिज बंद केला. सुनीती, म्हणजे आमची सौ., पातेलंभर दूध हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. पुन्हा निळी! आता माझी खात्रीच पटली, व्होल्टेज कमी पडतंय. गल्लीतल्या सगळ्या पाण्याच्या मोटारी एकदम चालू होत्या ना!

मी शेजारच्या साळूबाईंकडे धावलो.

"नारायणभाऊ, आज नळाला पानी हाय. मोटार बंद केली तर परवापतोर काय प्यायचं आमी?"

"साळूबाई, पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे हो!"

"मंग करते बंद. पोरीचं व्हऊ द्या आदी."

त्यांनी स्वतः हिंडून सगळ्या गल्लीच्या मोटारी बंद करायला लावल्या. माझे डोळे भरून आले. सगळे आमच्या दारात जमले, श्वास रोखून बघू लागले. स्क्रीन निळी पडली. इतकी निळी मी आयुष्यात पाहिली नव्हती!

"बाबा, उठा," मनवा म्हणाली. एवढंच.

मी उठलो. तिनं स्पीड छप्पन्नशेवर आणला. फिल्म गुमान पुढे सरकू लागली. सुनीतीनं रागानं फ्रिज लावला, तरी सरकतच राहिली!

फिल्म पूर्ण झाली तेव्हा पाच वाजून गेले होते. लिंक बंद.

साळूबाई रिकामी बादली घेऊन दारात आल्या. "झाली का वो फिल्म?"

"झाली."

"गेली का मंग?"

"नाही."

"आमचं पानी बी गेलं," त्या म्हणाल्या आणि बादली घेऊन वळल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मनवा रडली नाही. पुढची भरती दिवाळीनंतर आहे, एवढं सांगून तिनं मुलाखतीसाठी मी आणलेला शर्ट घडी घालून कपाटात ठेवला. तिला तो दोन नंबर मोठा होतो.

"राहू दे," मी धीर दिला, "दिवाळीपर्यंत बरोबर बसेल."

मनवा आता चोवीस वर्षांची आहे.