अप्पांचा तिसरा पिकअप

शिवलिंगअप्पा गिटारच्या पिकअपचा आधी वास घेतात. मग तो तळहातावर ठेवून वजन बघतात, नखाने टिचकी मारतात, आणि एकदा तर माझ्यादेखत त्यांनी त्याचा कोपरा दाताखाली धरला. माणूस केजच्या धान्याच्या मोंढ्यातला जुना आडत्या. उभा जन्म ज्वारीची वानगी पारखण्यात गेला, त्याला दुसरी रीत कुठून ठाऊक असणार?

मी मिक्सर आणि टीव्ही दुरुस्त करतो. गिटारशी माझा संबंध फक्त अप्पांमुळे. तरुणपणी ते गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रात वाजवायचे, ती इलेक्ट्रिक गिटार त्यांनी अजून जपली आहे. तारांखाली एक चपटी डबी असते, आत चुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. ती तारांची थरथर पकडून स्पीकरकडे धाडते. तोच पिकअप. अप्पांचा मूळचा उत्तम चालू होता, तरी त्यांना तो बदलायचा होता, आणि सोल्डरिंगला मी सापडलो.

पहिला कुरिअरने मागवला. मी बसवला, चांगला खणखणीत वाजला. अप्पा गिटार घरी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन आले.

"माल चोख हाय. पण पोचत न्हाई."

"कुठं पोचत नाही? तहसीलपर्यंत ऐकू गेला असेल."

"आवाज लई बारीक हाय. जाड पायजे."

दुसरा मागवला, तोही दोन दिवसांत परत. आता माझं डोकं फिरलं. म्हटलं, अप्पा, स्पीकरचं बटण पिळा की जरा, पिकअपला कशाला नावं ठेवता?

"घाई कावून करतो बे," अप्पा म्हणाले, आणि तिसरा मागवला.

हा चांगला जाडजूड होता, दोन वेटोळ्यांचा. तो बसवायला मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. कुठं पोचत नाही ते बघूच, म्हटलं. जागा करायला गिटारचं लाकूड थोडं कोरावं लागलं, तेव्हा अप्पांनी तोंड फिरवलं.

काकू आमच्याकडे पाठ करून सुपात तूर निवडत होत्या. मी नमस्कार केला, त्यांनी मान वर केली नाही. या भानगडीला कंटाळल्या असतील, असं मला वाटलं.

अप्पांनी आवाज खाली आणला. खरं तर आणायची गरज नव्हती.

"हिला दोन वर्सांपासून बारीक आवाज ऐकू येत न्हाई. पाखरं, कुकरची शिट्टी, समदं गेलं. मोठ्यानं वाजवलं की डोकं धरती. कानाचं मशीन लावलं, तर काढून ठेवती. जाड आवाज तेवढा कळतो. लग्न झाल्यापासून रोज दिवेलागणीला हिच्यापुढं वाजवत आलो बघ. आता कुणापुढं वाजवू?"

मला माझीच लाज वाटली.

अप्पांनी गिटार मांडीवर घेतली. एक ओळ झाली, दुसरी झाली. काकू तूर निवडत राहिल्या. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी सुपाकडे पाहत बसलो. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर काकूंचा हात थांबला.

"तिथं चुकता तुमी," त्या मागे न वळताच म्हणाल्या. "लग्नापासून तिथंच चुकता."

अप्पांनी मान डोलावली आणि तीच ओळ पुन्हा, तशीच चुकवून, वाजवली.