दोन तोट्यांची किटली

सन एकोणीसशे अडुसष्ट. त्या वर्षी काकांनी घरात जाहीर करून टाकलं, "यंदा माझं चित्र प्रदर्शनात लागणार म्हणजे लागणार! नाहीतर ब्रश भंगारात!"

काका शाळेत चित्रकलेचे मास्तर. अकरा वर्षांत अकरा चित्रं परत आलेली. दर वेळी चित्र काखेत मारून मान खाली घालून येणारे काका दिसले की काकू आधी चहाचं आधण ठेवायच्या.

काकांनी टेबलावर चहाची किटली आणि चार लिंबं मांडली. रोज शाळेआधी अर्धा तास, नाक टेकवून वीतभर जागा रंगवायची आणि रंगवलेल्या भागावर फडकं ओढायचं. अख्खं चित्र परीक्षकांच्या आधी आपण पाहायचं नाही, हा नेम. "मनचं काही काढायचं नाही. समोर असेल तेच!" हा बाणा. काकूंना त्याचं भारी कौतुक! म्हणून काका शाळेत गेले की त्या टेबल रोज लख्ख पुसून ठेवायच्या.

प्रदर्शनाच्या दालनात परीक्षकांनी फडकं काढलं आणि काकू मटकन बाकावर बसल्या. किटलीला डावीकडे तोटी. उजवीकडेही तोटी! कान कुठेच नाही! लिंबं तीन, सावल्या चार!

काका खडूसारखे पांढरे पडले. परीक्षक मात्र हलेनात.

"वा! जाणं आणि येणं एकाच किटलीत! आणि ही लिंबाविना सावली... विरह! मास्तर, सुचलं कसं हो?"

"मी... समोर होतं तेच काढलं," काका पुटपुटले.

"काय हा विनय!"

काकूंना राहवेना. "अहो साहेब, कसला विरह! ते लिंबू मी पातेलं घासायला नेलं. किटलीही पुसताना माझ्याच हातून फिरली. यांचा काही दोष नाही. परत नका हो पाठवू!"

काकांनी डोळे मिटून घेतले.

परीक्षक पुन्हा चित्रावर वाकले. "म्हणजे या गृहस्थांनी एकही रेघ मनची मारली नाही?"

"आजवर कधीच नाही!" काकू ठसक्यात म्हणाल्या.

"मग लावा हे. मधल्या भिंतीवर!"

परीक्षक पुढे कुठल्याही चित्राचा अर्थ सांगण्याआधी चित्रकाराच्या बायकोला गाठायचे म्हणे. काकूंनी टेबलाला हात लावणं सोडलं. काकांची पुढची सगळी चित्रं बिनचूक आली आणि एकूण एक परत आली. काकांना त्याचं काही वाटलं नाही. निवृत्तीनंतरही ते रोज अर्धा तास रंगवत राहिले.

ते एक चित्र ग्रंथालयाच्या जिन्यात लागलं. काकू ऐंशीच्या झाल्या तरी पाहुण्यांना जिना चढवून न्यायच्या. "काय हात आहे बघा यांचा!" म्हणायच्या. आणि मग, जरा खाकरून, "मांडणी माझी."